सतरा नंबरची भेग

१

दर सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी सिंदी रेल्वे या गावातल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी स्कूटी लावायची, आत जायची आणि भेगा मोजायची. नोव्हेंबरपासून हेच चाललं होतं. वर्ध्याच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, तिथल्या आमच्या विभागाचा तो प्रयोग होता. जिनिंगच्या मालकाने आवाराच्या मागच्या कोपऱ्यातली जागा दिली होती आणि तिथे आम्ही बारा बाय दहाची एक खोली उभी केली होती. चारही भिंती काँक्रीटच्या, वर स्लॅब, एक लोखंडी दार, एक झरोका. आत सामान काही नाही.

ते काँक्रीट मात्र साधं नव्हतं. सिमेंट-रेतीसोबत त्यात साखरेएवढे पांढरे दाणे मिसळले होते. लहान मुलांच्या डायपरमध्ये असतात तसलेच. भिंतीला भेग पडली आणि तिच्यात पाणी गेलं की दाणे फुगतात, भेगेचं तोंड बुजवतात. मग तेच पाणी ते हळूहळू सोडतात आणि आतलं न भिजलेलं सिमेंट त्यावर पुन्हा कामाला लागतं. भेग आपोआप भरते. मागे उरते फक्त एक पांढरी रेघ.

खोली पक्की झाल्यावर आम्ही जॅक लावून तिला मुद्दाम तडे पाडले. चोवीस भेगा. प्रत्येकीशेजारी मी लाल ऑइलपेंटने आकडा लिहिला. रोज संध्याकाळी भिंतींवर पाईपने पाणी मारायचं आणि खोलीची किल्ली सांभाळायची, हे काम पुनाजीकाकांकडे होतं.

पुनाजीकाका साठीच्या पुढचे. तरुणपणी कारंजा घाडग्याच्या बाजूला जंगलखात्यात मजुरी केलेले, गोंड समाजाचे, हाडापेराने दणकट. जिनिंगच्या भिंतीपलीकडे दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको बायजा राहायचे. मी पहिल्यांदा त्यांना दाण्यांची गंमत सांगितली तेव्हा त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"म्हंजे भिंतीले लंगोट बांधला म्हना की, मॅडम."

मी हसले. ते हसले नाहीत. "पर मंग पानी नसलं तं काय पेईन थे?" त्यांनी विचारलं.

"पाणी नसलं तर काही नाही, काका. तशीच राहील भेग."

२

एप्रिलच्या शेवटी बोअर आटली. धर्मेंद्र सर आमचे विभागप्रमुख. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "चांगलंच झालं. आता कोरड्या दिवसांचंही रीडिंग मिळेल. पाणी मारणं बंद करा."

म्हणजे अर्धवट भरलेल्या भेगा आता जिथल्या तिथे थांबायला हव्या होत्या. उलट सुकता सुकता काँक्रीट आकसतं, त्यामुळे भेगा किंचित रुंदावल्या असत्या तरी मला नवल वाटलं नसतं. मेच्या पहिल्या दोन सोमवारी तसंच झालं. तिसऱ्या सोमवारी मी उत्तरेच्या भिंतीपाशी बसून सतरा नंबरच्या भेगेवर मोजायची पारदर्शक पट्टी धरली आणि भिंगातून पाहिलं.

भेग अर्ध्याने अरुंद झाली होती.

मी पट्टी पुसली. चष्मा पुसला. पुन्हा मोजलं, तेच आलं. तिच्या बाजूच्या सोळा आणि अठरा नंबरच्या भेगाही आक्रसल्या होत्या. बाकीच्या एकवीस भेगा होत्या तशाच, कोरड्या, तोंड उघडं टाकून. चारही भिंती एकाच दिवशी, एकाच मालाने भरल्या होत्या. त्यांत फरक पडायचं कारण नव्हतं.

बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. आवारातल्या पत्र्यांचा तडतड आवाज येत होता. त्या खोलीत मात्र गार होतं. नुसती सावली असते तसं नाही. मडक्याला हात लावल्यावर जाणवतो तसला गारवा उत्तरेच्या भिंतीकडून येत होता. जाड भिंत उशिरा तापते, मी स्वतःला सांगितलं. पण तशा चारही भिंती जाड होत्या.

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. सतरा नंबरखाली जमिनीवर एक पोतं घडी घालून अंथरलं होतं. भिंतीला पाठ टेकून बसावं अशा बेताने.

३

"काका, इथे पाणी सांडलंत का कधी?"

"नाई जी. प्याले पानी भेटून नाई राह्यलं, सांडू कुठून?" पुनाजीकाका दारातच उभे होते. "मी दुपारी बसतो थ्या जाग्यावर. घरी टिनाखाली जीव उकडते. अथी बेस गार वाटते. चालते ना?"

"चालतं की," मी म्हणाले.

त्यांच्या ओठांना तडे गेलेले मला दिसले. उन्हाळ्यात सगळ्यांचेच फुटतात. बोलता बोलता त्यांनी कमरेची बाटली तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली.

"सकाळपासून तिसरी हाय," ते म्हणाले. "तहान काई भागूनच नाई राह्यली."

"साखर तपासून घ्या एकदा."

"घेतली. साखर नाई म्हने डाक्तर."

संध्याकाळी मी सरांना आकडे पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "रूपाली, पाणी न देता भेग भरतेय? अगं, लोक यासाठी वर्षं घालवतात! हवेतला ओलावा ओढत असणार."

"सर, हवेत ओलावा आहे कुठे? दहा टक्केसुद्धा नाही."

"मग कुठून तरी ओढतेच आहे ना? तीन आठवड्यांचं रीडिंग घे आणि मग आपण लिहू. फक्त एक कर. तिथे काही म्हणजे काही बदलू नकोस. आहे तसं राहू दे."

आहे तसं. त्यात ते पोतंही आलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. सरांना मी पोत्याबद्दल सांगितलं नव्हतं.

४

पुढच्या सोमवारी सतरा नंबर जवळजवळ बंद झाली होती. तिच्या जागी पांढरी, किंचित चकाकणारी रेघ आली होती. सोळा आणि अठराही त्याच वाटेवर होत्या. मी टॉर्च तिरपा धरून भिंतीवर फिरवला. पांढरेपणा नुसता भेगांवर नव्हता. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत एक फिकट डाग होता. वर गोलसर, खाली रुंद. कोणत्याही भिंतीला खूप दिवस टेकून बसलं की तेलाचा, घामाचा डाग पडतो. तसलाच असेल. पण तो डाग काळपट असतो.

घाम, माझ्या मनात आलं. माणसाच्या पाठीचा घाम. दाण्यांना तेवढा पुरत असेल. उत्तर इतकं साधं होतं की मला हायसं वाटलं. माणूस घामाने थोडा कोरडा पडतो, पाणी पितो, पुन्हा भरतो. यात घाबरण्यासारखं काय आहे?

मी भिंतीला कान लावला. का लावला ते सांगता येणार नाही. काँक्रीट ठोकून आवाज ऐकायची सवय असते आम्हाला, पण मी ठोकलं नव्हतं.

आत बारीक आवाज होता. ढेकळावर पाणी ओतल्यावर माती पिताना करते तसा. थांबून थांबून. मी श्वास धरला. आवाज थांबला. मी श्वास सोडला आणि तो पुन्हा सुरू झाला.

मी चटकन बाजूला झाले. कानाची पाळी आणि गाल ताणल्यासारखे झाले होते, कपडे धुवायच्या सोड्यात हात घातल्यावर कातडी होते तसे. माझी जीभ टाळूला चिकटली होती. फार तर एक मिनिट मी तिथे होते.

कोरडं काँक्रीट ओल ओढतंच. हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. वहीत आकडे लिहिताना मी ते दोनदा मनाशी म्हटलं. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.

५

त्याच दिवशी फाटकापाशी बायजाकाकू माझी वाट बघत थांबल्या होत्या. बारीक, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्या आवारात सहसा यायच्या नाहीत.

"मॅडम, एक गोष्ट सांगू का?"

"सांगा ना काकू."

"हा मानूस घरी राह्यत नाई. सकाळी उठला का अथीच. जेवाले बलावलं तं येत नाई. रईवारीबी येऊन बसते. म्या म्हनलं, काऊन जाता? म्हने, बरं वाटते." त्यांनी पदर तोंडाला लावला. "दोन दोन दिवस लघवीले जात नाई थो. हंडाभर पानी पेते, थे जाते कुठी? काल त्याच्या दंडाले धरलं तं पापुद्रा माह्या हाती आला."

मी वही पर्समध्ये सरकवली.

"तुमी शिकल्या-सवरलेल्या हा. तुमच्या कामाची खोली हाय. तुमी सांगान तं आयकन थो. त्याले थ्या जाग्यावरून उठवा. खोलीले कुलूप लावून किल्ली घेऊन जा."

किल्ली मागून घ्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. जे ऐकू आलं होतं, ते ऐकून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. गाल अजून ताणलेला होता. पण माझ्या डोक्यात शेवटचं रीडिंग होतं. एक आठवडा. तीन नोंदी झाल्या की आलेख पुरा होतो, दोन नोंदींना कोणी विचारत नाही. आणि कुलूप लावायला कारण काय देणार होते मी? भिंत पाणी पिते म्हणून?

"पुढच्या सोमवारपर्यंत थांबा काकू," मी म्हणाले. "मग मीच बंद करते ती खोली. तोपर्यंत त्यांना हे पाण्यात घालून देत जा." पर्समध्ये मीठ-साखरेच्या पावडरची पाकिटं होती, ती मी त्यांच्या हातावर ठेवली.

बायजाकाकूंनी पाकिटं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पाकिटं पदराच्या गाठीत बांधून त्या घराकडे वळल्या.

६

सोमवारपर्यंत मीच थांबू शकले नाही. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर स्कूटी थेट सिंदीकडे जाणाऱ्या सेलूच्या रस्त्याला घातली. वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं, उगाच हसं होईल.

खोलीचं दार लोटलेलं होतं. बायजाकाकू आत होत्या, पोत्याजवळ गुडघ्यांवर बसलेल्या. पुनाजीकाका भिंतीला पाठ लावून बसले होते. डोळे उघडे, चेहऱ्यावर एखादं मूल पिऊन तृप्त झाल्यावर असतं तसं हसू. पण ते पिऊन तृप्त झालेले नव्हते. गाल आत गेले होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या दिसत होत्या. सदऱ्याच्या आत माणूस आहे की नाही असं वाटत होतं.

"उठून नाई राह्यला," काकू म्हणाल्या. "ओढलं तरी येत नाई."

मी त्यांचा डावा दंड धरला, काकूंनी उजवा. आम्ही ओढलं. ते पुढे आले, पण पाठ आली नाही. त्यांना काही दुखत नसावं. ते माझ्याकडे बघून हसतच होते.

"हळू जी, मॅडम," ते पुटपुटले. "थोडंच राह्यलं."

दुसऱ्यांदा आम्ही पाय भिंतीला लावून जोर केला. तव्याला चिकटलेली भाकर उलथन्याने सोडवताना येतो तसा आवाज झाला आणि ते आमच्या अंगावर आले. त्यांना काही वजनच नव्हतं. आम्ही दोघी बायकांनी त्यांना उचलून फाटकापर्यंत नेलं आणि आम्हाला धाप लागली नाही.

सदरा पाठीवर फाटून गेला होता. सुरकुतलेल्या कातडीवर तीन पांढऱ्या रेघा होत्या. मधली सगळ्यांत लांब. मी दर सोमवारी मोजत आलेली, मला तोंडपाठ असलेली वळणं होती ती.

सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यांचं वजन एकतीस किलो भरलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती तास उन्हात होते?"

"सावलीत होते," मी म्हणाले. "गार खोलीत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पण वाद घातला नाही. दोन्ही हातांना सलाईन लागलं. नर्सने ओल्या कापसाने पाठीवरच्या रेघा पुसायला घेतल्या. कापूस कोरडा झाला, तिने दुसरा घेतला, तोही कोरडा झाला. रेघा तशाच होत्या. तिने मग त्यांच्यावर कापड टाकलं.

संध्याकाळच्या आत त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि बायजाकाकूंना गोंडीत काहीतरी सांगितलं. मला ती बोली येत नाही. "काय म्हणाले?" मी विचारलं. काकूंनी उत्तर दिलं नाही.

रविवारी सकाळी ते गेले. कागदावर उष्माघात लिहिलं गेलं. त्यापेक्षा खरं काही लिहायला माझ्याकडेही नव्हतं.

७

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धर्मेंद्र सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुनाजीकाकांचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तरी सतरा नंबरचं काय झालं ते आतून बघायलाच हवं होतं. भिंतीतून मनगटाएवढा गोल तुकडा मशीनने कापून काढायचा आणि लॅबमध्ये तपासायचा असं ठरलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी दुर्गेशला, आमच्या मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला, घेऊन सकाळी सिंदीला गेले. खरं सांगायचं तर मलाही तो तुकडा हवा होता. आत दाणे आहेत, सिमेंट आहे, दुसरं काही नाही, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

खोलीचं दार उघडं होतं; किल्ली बायजाकाकूंकडेच राहिली होती. बायजाकाकू उत्तरेच्या भिंतीसमोर उभ्या होत्या आणि कळशीएवढ्या गुंडातलं पाणी ओंजळीने भिंतीवर टाकत होत्या. पाणी ओघळून खाली येत नव्हतं. जिथे पडत होतं तिथेच नाहीसं होत होतं.

"रोज येतात ह्या," दुर्गेश हळूच म्हणाला. "जिनिंगचा चौकीदार सांगून राह्यलता. दोन कोसांवरून पानी आन्ते म्हने."

त्याने मशीन खाली ठेवली. तिच्या टोकाचं गोल पातं काकूंनी पाहिलं.

"हे काय करान?"

"काकू, छोटंसं भोक पाडायचं आहे. तपासायला."

"त्याच्यात?"

"भिंतीत."

काकू दोन्ही हात पसरून भिंतीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. "त्या दिवशी तुमी इचारलं होतं ना, काय म्हने म्हनून? थो म्हने, मी अर्धा तिकडंच राह्यलो. मातीत म्या अर्धाच देला, मॅडम. अर्धा अथी हाय. त्याले भोक पाडान तुमी?"

दुर्गेश माझ्याकडे बघत होता. वायर त्याच्या हातात होती. मला वाटलं, आत्ता मी ठाम राहिले नाही तर ही बाई आयुष्यभर या भिंतीला पाणी पाजत राहील. निदान एवढं तरी मी तिच्यासाठी करायला हवं. मी पुढे झाले आणि शिक्षकी आवाजात म्हणाले, "काकू, इकडे बघा. ही नुसती भिंत आहे. बघा."

आणि मी त्यांच्या हाताखालून वाकून उजव्या हाताचा पंजा, बोटं जुळवून, सतरा नंबरवर ठेवला. दोन क्षण. भिंत गार होती. आतून मला काहीही ऐकू आलं नाही. मी हात काढला.

"बघितलंत? काहीच नाही."

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. दुर्गेशही नव्हता. त्याच्या हातातून वायर खाली पडली. मी मागे वळून पाहिलं.

मी हात ठेवला होता तिथे ओल उमटली होती. पंजाची. माझ्या पंजापेक्षा ती बरीच मोठी होती, रुंद, जाड बोटांची, आणि तिची पाचही बोटं फाकलेली होती.

माझ्या हाताच्या घामाची ओल पसरली असेल. सच्छिद्र काँक्रीटवर ती पसरते. दुर्गेश दाराबाहेर गेला होता, त्याच्या पळण्याचा आवाज मी ऐकला. मी तिथून हलले नाही, कारण ओल वाळताना मला बघायची होती. वाळणारी ओल कडेकडून फिकट होत जाते. हे मी हजार वेळा पाहिलेलं आहे.

ती फिकट झाली नाही. एकेक करून तिची बोटं आत वळली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि मूठ मिटली.

बायजाकाकूंनी ओंजळ भरली.

"तुमचा हात धरू पाहून राह्यला, मॅडम," त्या म्हणाल्या.